कौशल्याचें सोंवळें

द्यूताची निंदा करण्यासाठीं आज कोणी लेखणी उचलली, तर सुशिक्षित वाचक त्याच्याकडे कींव करून पाहतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तापासून हा विषय चघळून चोथा झाला आहे. जुगार वाईट, हें सांगावयास प्राध्यापक कशाला पाहिजे? मलाही तसेंच वाटत असे. परंतु गेल्या कांहीं वर्षांत आपल्या मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यांत एक नवें वाक्य शिरलें आहे, आणि तें मीं इतक्या शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकलें आहे कीं, त्याचा समाचार घेतल्यावांचून राहवत नाहीं. तें वाक्य असें : “पोकर हा जुगार नव्हे, तो कौशल्याचा खेळ आहे.” या वाक्याचा उत्तरार्ध खरा आहे, आणि तो खरा आहे म्हणूनच नवशिक्याच्या बाबतींत पूर्वार्ध अधिक घातक ठरतो, हें मला येथें दाखवावयाचें आहे.

माझा हा वाद पुस्तकी नाहीं. २०२४ सालच्या उन्हाळ्यांत माझा एक भाचा, नुकताच नोकरीस लागलेला अभियंता, ऑनलाइन पोकर शिकूं लागला. मी अठ्ठावीस वर्षें महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकवीत आलों आहें, हें त्याला ठाऊक. म्हणून मोठ्या विश्वासानें त्यानें मला गुरु केलें. “मामा, तुम्ही शिकवतां तें संभाव्यतेचें गणित जगांत कोठें उपयोगी पडत असेल, तर तें येथें,” असें तो म्हणाला, आणि खरें सांगावयाचें तर मी सुखावलों. अध्यापकास याहून मोठी लांच देतां येत नाहीं.

खेळ सुंदर आहे, हें प्रथमच कबूल करतों. ‘टेक्सास होल्डेम’ हा त्याचा आज सर्वत्र चालणारा प्रकार. प्रत्येकास दोन पत्ते गुप्त मिळतात, पांच समाईक पत्ते टप्प्याटप्प्यानें उघडे होतात, आणि या सातांतून उत्तम पांचांचा हात ज्याचा जमेल, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यास बोली असते. बोलीला घाबरून इतरांनीं पत्ते टाकले, तर ज्याच्या हातांत कांहींच नाहीं तोही जिंकतो. बावन्न पत्त्यांतून पांचांचे २५,९८,९६० निरनिराळे हात होतात. त्यांत एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी असा सर्वश्रेष्ठ हात केवळ चार वेळां येतो. पहिल्या दोन पत्त्यांत एक्क्यांची जोड येण्याचा योग सरासरीनें २२१ डावांत एकदां. तीन समाईक पत्ते उघडल्यावर एका रंगाचे चार पत्ते आपल्याजवळ जमले असतील, तर उरलेल्या दोहोंत पांचवा येण्याची शक्यता सुमारें ३५ टक्के. ही शक्यता आणि मध्यें जमलेली रक्कम यांचा मेळ घालून पुढें जावें कीं पत्ते टाकावे, हें ठरवावयाचें असतें. संभाव्यतेचें शास्त्रच मुळीं १६५४ सालीं, अर्धवट राहिलेल्या डावाची रक्कम कशी वांटावी या प्रश्नावरील पास्कल व फर्मा यांच्या पत्रव्यवहारांतून वाढीस लागलें. आणि फॉन नॉयमान व मॉर्गेनस्टर्न यांनीं आपल्या १९४४ सालच्या ग्रंथांत पोकरमधील हुलकावणीचें सविस्तर विवेचन केलें. अशा खेळास बुद्धि लागत नाहीं, असें म्हणणारा माणूस तो खेळ कधीं खेळलेला नसतो.

परंतु या कौशल्याचा अर्थ काय होतो तें पाहा. सोडतीच्या तिकिटापुढें शहाणा आणि मूर्ख सारखेच. तेथें दैव आंधळें असतें आणि त्या आंधळेपणांतच त्याची काय ती दया असते. कौशल्याच्या खेळांत ती दयाही नाहीं. पोकरच्या टेबलावर संपत्ति उत्पन्न होत नाहीं. ती एका खिशांतून दुसऱ्या खिशांत जाते. म्हणून ज्या टेबलावर कुशल माणूस नित्य जिंकतो, त्या टेबलावर अकुशल माणसानें नित्य हरलेंच पाहिजे. ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ असें नवशिक्यास सांगणें म्हणजे ‘तुझें हरणें दैवावर सोडलेलें नाहीं, तें जवळजवळ निश्चित आहे’ असें सांगणें होय. या खेळाच्या इंग्रजी बोलींत अशा नवशिक्यास ‘मासा’ म्हणतात. पट्टीचे खेळाडू टेबल निवडतात तें मासे कोठें आहेत हें पाहून.

आपल्या पूर्वजांना हें ठाऊक होतें. युधिष्ठिराला द्यूत प्रिय आहे पण खेळतां येत नाहीं, हें शकुनीनेंच सभापर्वांत ओळखून सांगितलें आहे. शकुनि हा निष्णात खेळाडू. परंतु त्याच्या नैपुण्यामुळें तें द्यूत निर्दोष ठरतें, असें महाभारतकारांस वाटलें नाहीं. कोणी नलाचें उदाहरण पुढें करील. नलानें ऋतुपर्णाकडून अक्षविद्या घेतली आणि पुष्कराकडून राज्य परत मिळविलें, हें खरें. पण विद्या येण्यापूर्वींच तो राज्य हरून बसला होता, आणि ती आल्यावर राज्य परत घेऊन थांबला. आजच्या नवशिक्याचें सगळें शिक्षण नलाच्या कथेच्या पूर्वार्धांतच होतें.

आतां पैशाचा हिशेब. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्षास जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच घेण्यास सांगितलें आहे. ऑनलाइन पोकरचे चालकही लहान बोलीच्या टेबलांवर प्रत्येक डावाच्या रकमेंतून बहुधा शेंकडा पांचांच्या आसपासच कापून घेत. कौटिल्याचा अध्यक्ष निदान तो पैसा राजकोशांत भरी. शेंकडा पांच ऐकावयास थोडे वाटतात. पण प्रत्यक्ष टेबलाभोंवतीं बसून जेथें तासाला पंचवीस-तीस डाव होतात, तेथें पडद्यावर साठ-सत्तर सहज होतात, आणि हौस असेल तर एकाच वेळीं चार टेबलें उघडतां येतात. गिरणीच्या जात्यास घरच्या जात्याचा न्याय लावून कसें चालेल?

माझ्या भाच्यानें, माझ्याच सांगण्यावरून, प्रत्येक डावाची नोंद ठेवली होती. पांच व दहा रुपयांच्या सक्तीच्या बोलींचें टेबल, चार महिने, १४,००० डाव. शेवटीं त्याची तूट भरली २१,००० रुपये. आम्ही दोघांनीं एका रविवारीं ती तूट फोडून पाहिली. ज्यांच्याशीं तो रात्र-रात्र झुंजला, ज्यांचे डावपेंच त्यानें पुस्तकें वाचून अभ्यासले, त्या सर्व खेळाडूंनीं मिळून त्याचे ७,००० रुपये नेले होते. उरलेले १४,००० रुपये ज्यानें एकदांही पत्ता हातीं धरला नाहीं, त्या चालकाच्या पेटींत गेले होते. ज्या कौशल्याची एवढी कीर्ति, त्याचा सर्वांत मोठा मोबदला न खेळणाऱ्यास मिळाला!

“पण मनुष्य हरतां हरतां शिकतो,” असें यावर उत्तर येतें. येथें माझें शास्त्र मला गप्प बसूं देत नाहीं. शिकण्यासाठीं चुकीचें फळ चुकीस आणि बरोबरचें फळ बरोबरीस मिळावें लागतें. विहिरींत पोहणारा चुकला तर नाकांत पाणी जातें. त्याला दुसरा पंतोजी नको. पोकरमध्यें बरोबर खेळणारा शंभरदां हरतो आणि चुकणारा शंभरदां जिंकतो. दहा रुपयांच्या मोठ्या बोलीच्या टेबलावर दोन हजार डावांत केवळ दैवाचा हेलकावा चार हजार रुपयांच्या घरांत जातो. पहिल्या दोन हजार डावांअखेर माझा भाचा ३,००० रुपयांनीं वर होता. तो त्या रात्रीं मला म्हणाला, “मामा, जमलें!” मला गणित ठाऊक होतें. तीन हजार हे हेलकाव्याच्या पोटांत बसतात, त्यांवरून कांहींच सिद्ध होत नाहीं, हें मीं त्याला तेथल्या तेथें सांगावयास हवें होतें. मी म्हणालों, “पद्धत तर बरोबर आहे तुझी.” माझी ही सौम्य स्तुति त्याला परवान्यासारखी वाटली. पुढें तूट उघडकीस आली तेव्हां माझ्या बहिणीनें आदळआपट केली नाहीं, तिनें एवढेंच विचारलें, “दादा, तूं होतास ना तेथें?” या प्रश्नाचें उत्तर माझ्यापाशीं आजही नाहीं, आणि हा लेख लिहिण्याचें खरें कारण तोच प्रश्न आहे.

शिवाय हें कौशल्य आतां माणसाचें तरी राहिलें आहे काय? २०१५ सालीं कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनीं दोघांत खेळावयाच्या मर्यादित बोलीच्या होल्डेमचा संगणकानें जवळजवळ पूर्ण उलगडा केल्याचें प्रसिद्ध केलें. २०१७ च्या जानेवारींत पिट्सबर्ग येथें कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणक-प्रणालीनें चार व्यावसायिक खेळाडूंस १,२०,००० डावांत मिळून हरविलें. आणि २०१९ सालीं ‘प्लुरिबस’नें सहाजणांच्या टेबलावरही व्यावसायिकांवर मात केली. समोर बसलेल्याचे डोळे वाचावे, ही या खेळाची जुनी ऐट. पडद्यावर डोळेच नाहींत. तेथें केवळ एक टोपणनांव असतें, आणि त्यामागें माणूस आहे कीं यंत्र, हें नवशिक्यास कळण्याचा मार्ग नाहीं.

हें सर्व असूनही ‘कौशल्य’ या शब्दाला एवढें सोंवळें कां प्राप्त झालें? त्याचें मूळ कायद्यांत आहे. १८८७ सालच्या मुंबईच्या जुगार-प्रतिबंधक कायद्यानें केवळ कौशल्याचे खेळ वगळले. १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमीस प्रामुख्यानें कौशल्याचा खेळ ठरविलें. पोकरविषयीं मात्र न्यायाधीशांतच एकमत झालें नाहीं : २०१७ सालीं गुजरात उच्च न्यायालयानें त्यास जुगार म्हटलें, तर २०२३ सालीं मद्रास उच्च न्यायालयानें कौशल्याचा खेळ म्हटलें. माझ्या मतें हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणीं विचारला जात होता. खिसा कापण्यासही कौशल्य लागतें. खेळास बुद्धि किती लागते, यापेक्षां हरणारा कोण, किती वेगानें हरतो, आणि त्याच्या हरण्यावर कोणाचें पोट चालतें, हें विचारणें अधिक न्याय्य होतें. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना, मग ते कौशल्याचे असोत कीं दैवाचे, सरसकट मनाई केली. खेळणाऱ्यास शिक्षा न ठेवतां चालविणाऱ्यास व जाहिरात करणाऱ्यास ठेवली. या कायद्यास न्यायालयांत आव्हानें दिलीं गेलीं. त्यांचा निकाल कांहींही होवो, कौशल्य व दैव यांमधील ती जुनी रेषा पुसण्याचें धैर्य दाखविलें, एवढ्यासाठीं मी संसदेचें अभिनंदन करीन.

येथें स्वातंत्र्याचे कैवारी उठतील. “प्रौढ माणूस, त्याची कमाई, तुम्ही कोण?” आक्षेप हलका नाहीं. पण स्वातंत्र्यानें निवड करावयाची तर किंमत आधीं दिसावी लागते. २००३ सालीं ख्रिस मनीमेकर नांवाचा टेनेसीचा एक हिशेबनीस अल्प रकमेच्या ऑनलाइन स्पर्धेंतून चढत जाऊन लास व्हेगास येथें पंचवीस लाख डॉलर जिंकला, आणि ती एक कथा जगभर सांगितली गेली. त्या वर्षीं त्या मुख्य स्पर्धेंत ८३९ जण उतरले होते. बाकीच्या ८३८ जणांच्या कथा कोणत्या जाहिरातींत आल्या? दुसरे म्हणतील, शेअरबाजार तरी निराळा आहे काय? कारखान्याच्या भागांत पैसा गुंतविला तर निदान कारखाना चालतो. पण त्याच बाजारांतील वायद्यांच्या व्यवहारांत वैयक्तिक सौदे करणाऱ्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक तोट्यांत गेल्याचें ‘सेबी’नें २०२४ सालीं दाखवून दिलें. म्हणजे हा दाखला पोकरचें समर्थन करीत नाहीं; तो आणखी एका घरावर तेंच संकट आहे, एवढेंच सांगतो.

मनाईनें सर्व होईल, अशा भ्रमांत मी नाहीं. परदेशांतील टेबलें एका बोटाच्या अंतरावर आहेत. पणजीस मांडवीच्या पात्रांत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत. दार बंद करणें सरकारच्या हातीं आहे; दारामागें जाण्याची इच्छा आपल्या घरांत तयार होते. जो पैसा घामानें मिळतो त्यास आपण साधा म्हणतों, आणि जो चलाखीनें मिळतो त्यास बुद्धीचा म्हणतों. ही शिकवण आमच्या मुलांना कोणत्या टेबलावर मिळाली? ती आमच्याच जेवणाच्या पाटावर मिळाली.

म्हणून ज्याला पोकर खरोखर शिकावयाचा आहे, त्याला मी मनाई करणार नाहीं. एक कसोटी सांगेन. घरांतल्या डब्यांतून मूठभर चिंचोके काढा, चार मित्र समोर बसवा, आणि खेळा. गणित तेंच राहील, हुलकावणी तीच राहील, एक्क्यांची जोड २२१ डावांत एकदांच येईल. कौशल्याचा म्हणून जो-जो अंश या खेळांत आहे, तो चिंचोक्यांवरही पूर्ण शिल्लक असतो. माझ्या भाच्यास मीं त्या रविवारीं हेंच सुचविलें. तो क्षणभर गप्प राहिला, आणि मग प्रामाणिकपणें म्हणाला, “मामा, चिंचोक्यांवर कोण खेळणार?” मला वाटतें, खेळाचा तो मोह कशाचा होता, याचा निर्णय कोणत्याही न्यायालयानें याहून स्पष्ट शब्दांत दिलेला नाहीं.