न पाहिलेल्या खुर्चीचे अनुकरण

साहित्येतिहासात 'नवअभिजात' हे विशेषण बहुधा निंदेच्या सुरातच योजिले जाते. ज्या काळाला स्वतःचे सांगण्यासारखे काही नव्हते, त्याने ग्रीक-रोमन नमुने पुढे ठेवून ते गिरविले, असा त्याचा ध्वन्यर्थ असतो. साधारणतः १७६० ते १८३० या काळातील युरोपीय फर्निचरलाही हाच निवाडा लावला जातो. सरळ निमुळते पाय, पन्हळी, कलश, पुष्पमाला, मेंढ्यांची शिरे यांची यादी द्यावयाची आणि 'अनुकरण' या एका शब्दात प्रकरण मिटवावयाचे, अशी ही रीत आहे. परंतु अनुकरणाला मूळ वस्तू लागते. आणि येथे मूळ वस्तू जवळजवळ नव्हतीच.

हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये आणि पॉम्पेईचे १७४८ मध्ये सुरू झाले. त्यांतून काशाच्या तिवया, मेजांचे संगमरवरी कोरीव पाय आणि भिंतींवरील चित्रे हाती आली. लाकूड मात्र नाशवंत. हर्क्युलेनियम येथे जळून कोळसा झालेल्या स्थितीत काही लाकडी सामान टिकले आहे. पण त्याचे खरे अध्ययन विसाव्या शतकातले. अठराव्या शतकातील कारागिरापुढे होती ती प्राधान्याने चित्रे, आणि तीही छापील: नेपल्सच्या दरबाराने १७५७ पासून प्रसिद्ध केलेले हर्क्युलेनियमच्या अवशेषांचे सचित्र खंड, किंवा सर विल्यम हॅमिल्टन यांच्या प्राचीन कुंभसंग्रहाचे १७६६ पासून निघू लागलेले खंड. विंकेलमानचा प्राचीन कलेचा इतिहास १७६४ चा; पण त्याची दृष्टी शिल्पावर खिळलेली होती. बसावयाच्या आसनाने त्याचे लक्ष फारसे वेधले नाही.

'क्लिस्मॉस' या ग्रीक खुर्चीचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. पाठीला किंचित वळलेली रुंद पट्टी आणि पुढेमागे तलवारीसारखे बाहेर झुकलेले पाय ही तिची आकृती कुंभचित्रांत वारंवार दिसते. प्राचीन काळातील अशी एकही लाकडी खुर्ची आज अस्तित्वात नाही. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे जिच्यावर कोणी बसले नाही, अशी खुर्ची केवळ चित्रांवरून पुन्हा उभी करावयाची होती. भट्टनायकाचा 'हृदयदर्पण' लुप्त झाला आहे आणि त्याची मते अभिनवगुप्तादिकांनी केलेल्या उल्लेखांवरूनच जुळवावी लागतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कामाचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. येथे अडचण मात्र अधिक व्यावहारिक होती. चित्रकाराला पायाचा बाक हवा तेवढा वाढविता येतो. सुताराला येत नाही. सरळ फळीतून असा बाक कापला, की लाकडाचे तंतू आडवे तुटतात आणि नेमक्या भार पडणाऱ्या जागी पाय मोडतो. म्हणून बाक किती ठेवावा, बैठकीशी सांधा कसा बसवावा, हे प्रत्येक कार्यशाळेला स्वतःच ठरवावे लागले. डेन्मार्कचा चित्रकार आबिल्गोर याने १७९० च्या सुमारास स्वतःसाठी अशा खुर्च्या करविल्या. पॅरिसमध्ये जॉर्ज जाकोब याने दाव्हीदच्या चित्रशाळेसाठी प्राचीन धर्तीचे सामान केले, आणि ते दाव्हीदच्या चित्रांतही उतरले. चित्रातून खुर्ची आणि खुर्चीतून पुन्हा चित्र! या उलाढालीत 'मूळ' कशाला म्हणावयाचे?

याचा अर्थ आरोप सर्वस्वी निराधार आहे असा नव्हे. १७५४ ते १७५८ या काळात इटलीत राहून आलेल्या रॉबर्ट अ‍ॅडमने जे घेतले, ते बव्हंशी रोमन वास्तूंचे अलंकरण होते. खणांच्या कपाटाला देवळाच्या दर्शनी भागाचे रूप देणे हा पुष्कळदा केवळ पोशाख ठरतो. ऑस्टर्ली येथील त्याची 'इट्रुस्कन' खोली, भिंतींपासून खुर्च्यांपर्यंत एकाच रंगसंगतीत बांधलेली, मोहक आहे खरी. पण ज्या कुंभांवरून ती सुचली त्यांतील बहुतेक इट्रुस्कन नसून ग्रीक होते. मात्र असा गैरसमज कधी कधी अचूक ज्ञानाहून अधिक फलद्रूप ठरतो, हेही नाकारता येत नाही.

इंग्लंडमध्ये ही शैली पसरली ती वस्तूंइतकीच पुस्तकांतून. हेपलव्हाइट १७८६ मध्ये वारला. त्याचा नमुनासंग्रह त्याच्या विधवेने, अ‍ॅलिसने, १७८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याने स्वतः केलेली म्हणून निश्चित ओळखता येईल अशी एकही वस्तू उपलब्ध नाही. शेरटनने लंडनमध्ये स्वतःची कार्यशाळा चालविल्याचा पुरावा नाही. तो १८०६ मध्ये दारिद्र्यात मेला. तरी दोन शैली या दोघांच्या नावांनी चालतात आणि ज्यांनी लाकूड हाताळले ते बहुतांशी अनाम राहिले. पॅरिसच्या कारागीर-संघाने १७४३ च्या नियमांनी वस्तूवर नाममुद्रा ठोकणे बंधनकारक केले, म्हणून तेथील रीझनेर किंवा जाकोब यांची नावे तरी उरली. कर्तृत्वाचा प्रश्न हस्तलिखितांच्याच वाट्याला येतो असे नाही.

या शैलीवर खरा आक्षेप घ्यावयाचा तर तो अनुकरणाचा नसून विस्मरणाचा घ्यावा लागेल. १७२१ च्या कायद्याने अमेरिकी वसाहतींतील लाकडावरील आयातकर उठला आणि महोगनी इंग्लंडात मुबलक येऊ लागले. जमेका आणि होंडुरासच्या किनाऱ्यावर ते तोडणारे हात गुलामांचे होते. हेअरवुड हाउससाठी चिपेंडेलने १७७३ मध्ये केलेले डायना आणि मिनर्व्हा यांच्या आकृतींचे कपाट हे इंग्रजी नवअभिजात कारागिरीचे शिखर मानले जाते. त्याची किंमत ८६ पौंड होती. ज्या लॅसेल्स घराण्याने ती मोजली, त्याची संपत्ती वेस्ट इंडीजमधील साखर आणि गुलामगिरी यांतून आलेली होती. 'उदात्त साधेपणा'च्या चर्चेत ही बाब कित्येक ग्रंथांत तळटीपेपुरतीही येत नाही. कपाटाच्या सौंदर्याला तिने बाध येत नाही. त्या चर्चेच्या प्रामाणिकपणाला येतो.

छापील नमुने केवळ युरोपातच फिरले नाहीत. विशाखापट्टणमचे कारागीर अठराव्या शतकात इंग्रजी घाटाच्या खुर्च्या, मेजे व पेट्या करीत. शिसवावर किंवा आबनुसावर हस्तिदंताचे जडावकाम करावयाचे, दंतावर रेषा कोरून त्यांत काळी लाख भरावयाची, ही त्यांची पद्धत. पुढे सबंध पृष्ठभागच हस्तिदंती पत्र्यांनी मढविला जाऊ लागला, आणि त्या पत्र्यांवर युरोपीय मुद्राचित्रांतून उचललेल्या स्तंभयुक्त इमारती कोरल्या गेल्या. त्या इमारती त्या कारागिरांनी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि कडेने जी फुलवेल त्यांनी फिरविली ती कोरोमंडलच्या छापील व रंगविलेल्या कापडावरची होती.