दारू घरपोच, पुस्तकं कुलपात

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन आला आणि राज्यातल्या वाचनालयांना कुलपं लागली. रोगच तसा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण मे महिन्यात दारू घरपोच द्यायला परवानगी मिळाली, आणि वाचनालयं उघडायला मात्र 15 ऑक्टोबर उजाडावा लागला! पुस्तकाची कुणाला तलफ येत नाही, असं वाटलं असेल बहुधा.

इकडे कसाऱ्यात लोकल बंद, म्हणजे नोकरीवाले पुरुष दिवसभर घरात. टीव्हीचा रिमोट त्यांच्या हातात, मोबाइल मुलांच्या ऑनलाइन शाळेला. बाईच्या वाट्याला चहाची आधणं आणि भांडी. शेवटी आम्ही बचत गटातल्या बायकांनी घरोघरची पुस्तकं, जुने दिवाळी अंक गोळा केले आणि कापडी पिशवीतून फिरवले. आलेली पिशवी तीन दिवस ओटीवर टांगायची, मगच उघडायची. सासूबाईसुद्धा विचारायच्या, "अगं, झाले का तीन दिवस?"

आम्हाला जमलं ते वाचनालयांना का जमू नये? त्यांच्याकडे तर कपाटं भरून पुस्तकं आहेत. आता दारं उघडी आहेत, पण तिथवर जाता येतं कितीजणींना? बाळंतीण, गुडघ्यांनी हैराण झालेली आजी, पाड्यावरची सून, यांचा लॉकडाऊन संपलेलाच नाही. आठवड्यातून एकदा पुस्तकांची पिशवी त्यांच्या दारात जायला हवी. त्यासाठी गावातलीच एखादी मुलगी नेमा, मात्र तिला मानधन द्या. समाजसेवेच्या नावाखाली फुकट राबवू नका. पिशव्या शिवून द्यायला आमचा गट तयार आहे.