पोहऱ्याबद्दल कुणी विचारलंच नाही

माझ्या मावसभावाची पैठण रोडला कपाशी. बोंडअळीने सलग दोन हंगाम खाल्ले, आणि त्याला एकच स्वप्न पडू लागलं: वारलेले वडील विहिरीच्या काठावर उभे, हातात रिकामा पोहरा, बोलत काहीच नाहीत. घरच्यांनी ज्योतिषी गाठला. दोन मिनिटांत निकाल: पितृदोष. मग उसनवारी करून तीन दिवसांचा नारायण नागबलीचा विधी. पोहऱ्याबद्दल त्याला एका शब्दानेही कुणी विचारलं नाही.

ही चोरी आहे. माणसाचं स्वप्न त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि तयार अर्थ त्याच्याच गळ्यात मारायचा.

त्याहून संताप येतो तो ‘युंगनेसुद्धा आपलं सगळं मान्य केलंय’ असं आमच्या शेवगावात येऊन ठोकून देणाऱ्या शिकलेल्या व्याख्यात्यांचा. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने 1932 मध्ये झुरिचला कुंडलिनीवर व्याख्यानं दिली, हे खरं. पण युरोपीय माणसाने योग जसाच्या तसा उचलू नये, हेही त्यानेच बजावलं. 1938 मध्ये कोलकात्यात आमांशाने आजारी पडून उठल्यावर त्याला स्वप्न पडलं ते ख्रिस्ती दंतकथेतल्या पवित्र प्याल्याचं. आपलं काम आपल्याच परंपरेत आहे, असा अर्थ घेऊन तो परतला.

त्याची रीत साधी आणि कष्टाची. रुग्णासमोर खुर्ची टाकून बसायचं. या पोहऱ्यावरून तुला काय आठवतं, हे त्यालाच पुन्हा पुन्हा विचारायचं. एका स्वप्नावर निकाल द्यायचा नाही, स्वप्नांची मालिका पाहायची. पुराणकथांचे दाखले त्यानंतर. विचारणाऱ्याने आधी स्वतःचं मन दुसऱ्यासमोर उघडलेलं हवं, हा तर त्याचा हट्टच. आणि हे सगळं कशासाठी? नुसतं रडू थांबावं म्हणून नाही. आपण दडवलेला, नाकारलेला भाग ओळखून माणूस पुरता व्हावा म्हणून. आमच्याकडे एम.ए. मराठीला त्याच्या ‘आदिबंधा’वर पानं भरतात, स्वतःच्या स्वप्नाकडे कुणी ढुंकून बघत नाही!

पण जीव द्यायचे विचार येत असतील तर आधी डॉक्टर, किंवा लगेच 14416 या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन. तिथे स्वप्नं उकलत बसू नये.

मी काही वैद्य नाही. एका रात्री ओट्यावर बसून मावसभावाला पोहऱ्याचं तेवढं विचारलं. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “दादा, शेवटच्या उन्हाळ्यात आप्पांनी पाणी मागितलं होतं. मी वैतागलेलो. म्हणलो, शेंदून घ्या की.”