ड्युटी, घर आणि वयात येणारी मुले

लोको पायलट बाप रात्री दोन वाजता कॉल आला की निघतो. परततो तेव्हा मुलगा शाळेत असतो. मुलगा घरी येतो तेव्हा बाप झोपलेला असतो आणि "आवाज करू नका" एवढेच त्याच्या कानी पडते. टपालाच्या सॉर्टिंगमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांच्या घरीही हीच तऱ्हा. त्यात नागपूरहून आमल्याला बदली झाली की मुलाची शाळा, सोबती आणि शिक्षणाची भाषाही बदलते. तो गप्प राहू लागतो, झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. आपण त्याला 'आळशी' म्हणून मोकळे होतो.

केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या व्यसनविषयक राष्ट्रीय पाहणीत एक आकडा धक्कादायक आहे. हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन या वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. मनातली भीती ज्याला घरात बोलता येत नाही, तो तिच्यावरचा उतारा बाहेर शोधतो.

आम्ही येथे स्वतःकडेही बोट दाखवतो. ड्युटी संपल्यावर बाटली उघडणारा, मुलालाच तंबाखूची पुडी आणायला पिटाळणारा बाप व्यसनावर कोणते प्रवचन देणार? मारझोडीने मूल सुधारत नाही, ते लपवायला शिकते. रोज एक जेवण एकत्र, सोबत्यांची नावे ठाऊक असणे आणि न रागावता ऐकून घेणे, याला पैसा लागत नाही.

वेळ मात्र लागतो, आणि वेळ हा हक्काचा प्रश्न आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १३३ नुसार रनिंग स्टाफला महिन्यात किमान चार वेळा सलग ३० तास किंवा पाच वेळा सलग २२ तास, पूर्ण रात्रीसह, विश्रांती मिळालीच पाहिजे. जागा रिक्त ठेवून ही विश्रांती हिरावली जाते, तेव्हा भुर्दंड घरातली मुलेही भरतात. म्हणून विश्रांतीची, रिक्त जागा भरण्याची आणि शैक्षणिक वर्षाच्या मध्ये बदली न करण्याची मागणी प्रत्येक शाखेने लावून धरावी.

मूल अडचणीत दिसल्यास लाज बाळगू नका. 'टेलि-मानस'चा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे क्रमांक शाखेच्या फलकावर आजच लिहा. गाडी वेळेवर नेणाऱ्या आणि टपाल घरोघर पोचवणाऱ्या कामगाराला आपल्या मुलापर्यंतही वेळेत पोचता आले पाहिजे.