मेंदूविज्ञानाची पदवी : कर्ज कोणत्या पायरीवर घ्यायचं?

नांदुऱ्यातून बारावी विज्ञान झालेल्या आपल्या मुला-मुलींना न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूविज्ञान, खुणावत असेल तर आनंदच आहे. पण खासगी विद्यापीठातल्या बी.एस्सी.साठी कर्ज काढण्याआधी आपण हिशोब मांडू.

समजा, दरवर्षी 2 लाखांप्रमाणे 3 वर्षांत 6 लाख घेतले, व्याजदर 10 टक्के. शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षापर्यंत हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं. सरळ व्याज धरलं तरी परतफेड सुरू होताना 7.8 लाख झालेले असतात. 10 वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता सुमारे 10,300 रुपये. नुसत्या बी.एस्सी.च्या पहिल्या पगारातून तो काढायचा आणि घरीही पैसे पाठवायचे, हे अवघड आहे.

या विषयातलं खरं काम एम.एस्सी., पीएच.डी.नंतर सुरू होतं. बंगळूरचं निमहान्स, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र या सरकारी संस्था आहेत. नेटमधून जेआरएफ मिळवली, तर संशोधन करताना दरमहा 37,000 रुपये मिळतात.

म्हणून आम्ही सुचवतो : जवळच्या अनुदानित महाविद्यालयातून प्राणिशास्त्र-रसायनशास्त्रात बी.एस्सी. करा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2.5 लाखांच्या आत असेल, तर महाडीबीटीवर पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. वसतिगृह मिळालं नाही, तर स्वाधार योजनेची चौकशी करा.

बाबासाहेबांनीही 1920 मध्ये मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने पैसे घेतले होते. तेही लंडनचं अर्धवट राहिलेलं उच्च शिक्षण पूर्ण करायला. कर्जाला भिऊ नका, पण ते पहिल्याच पायरीवर संपवू नका.