वडिलांची गिटार

ग्लासगोजवळील बिशपब्रिग्ज येथें १९८७ सालीं जन्मलेल्या एमी मॅकडोनल्ड हिनें वडिलांची गिटार घेऊन आपली आपणच वादनकला साधली. वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, २००७ सालीं, तिच्या स्वरचित गीतांची पहिली ध्वनिमुद्रित माला 'धिस इज द लाइफ' प्रसिद्ध झाली. जानेवारी २००८ मध्यें ती ब्रिटनांत विक्रींत पहिली आली.

पालक म्हणतील, गाण्यानें अभ्यास बुडेल. ही भीति अगदींच निराधार नव्हे. शिवाय गाणाऱ्या प्रत्येकास कीर्ति लाभत नाहीं. तथापि आमचें मत असें कीं, कीर्तीसाठीं नव्हे, तर मनांतलें स्वतःच्या शब्दांत सांगतां यावें म्हणून मुलांच्या हातीं वाद्य द्यावें. त्या घरची गिटार कुलुपांत असती, तर हीं गीतें कदाचित् जन्मासच आलीं नसतीं.