आधी कोण?

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे धाकट्या बहिणीकडे इंग्लंडला गेलो. लंडनला नव्हे, दक्षिणेकडच्या विल्टशायर भागातल्या एका खेड्यात. मेहुणे तिथल्या इस्पितळात नोकरीला आहेत. फोनवर बहिणीचे एकच म्हणणे असे, "आपा, इथे माणूस दिसत नाही. शहरात राहायला जाऊ या, असं तुम्हीच ह्यांना सांगा." आम्हीही तेच सांगायचे ठरवून निघालो होतो.

गाव देखणे आहे. कित्येक घरे गवताने शाकारलेली. आपल्याकडे असे छप्पर गरिबाचे. तिथे ते शाकारायला मोठा खर्च येतो. जुने घर सरकारी यादीत असेल, तर परवानगीशिवाय त्यात फेरफारही करता येत नाही. एक चर्च, एक पब, एक सभागृह आणि गावकऱ्यांनी भांडवल जमवून चालवलेले एक दुकान. आपल्या ग्रामपंचायतीसारखी तिथे पॅरिश कौन्सिल असते. १८९४ च्या कायद्याने ती सुरू झाली.

पण बस दिवसातून तीनच, रविवारी एकही नाही. बहिणीला गाडी चालवता येत नाही. मशीद आणि हलाल मटण, दोन्ही पाऊण तासावर. अजान कानी पडत नाही. मे अखेरीस मगरीब रात्री नऊनंतर, तर डिसेंबरात चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात ती आठवडेच्या आठवडे घराबाहेर पडली नव्हती, हे आम्हांला तिथे गेल्यावर कळले. तिची तक्रार खोटी नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही विचारले, "शेजारी कोण राहतं?"

"एक म्हातारी. एकटीच असते."

"नाव काय त्यांचं?"

बहीण गप्प. तिथे राहायला येऊन दीड वर्ष झाले होते. मग म्हणाली, "आपण परके. त्यांनीच आधी यायला हवं होतं ना, आपा?"

आम्हांलाही ते क्षणभर पटले. पण शेजाऱ्याचा हक्क आपण लहानपणापासून ऐकतो, मुलांना शिकवतो. त्यात शेजाऱ्याच्या धर्माची अट नाही, आणि 'आधी कोण' हा प्रश्नही नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीने रव्याचा शिरा केला आणि आम्ही सगळे वाटी घेऊन शेजारी गेलो.

बाईंनी दार उघडले, चहा केला. मग संकोचत म्हणाल्या, "तुम्ही आलात त्या आठवड्यात मी केक केला होता. पण तुम्हाला तो चालेल की नाही कळेना, आणि विचारायची लाज वाटली. दारापर्यंत येऊन परत गेले."

दोन दारांमध्ये वीस पावले होती. ती ओलांडायला दीड वर्ष लागले.

संध्याकाळी त्यांनी आम्हांला शेतांमधून जाणारी पायवाट दाखवली. अशा वाटांवरून चालण्याचा हक्क सर्वांना आहे. शेतमालकालाही ती वाट बंद करता येत नाही. बहिणीला हे ठाऊकच नव्हते.

बहीण आजही शहरात जायचे म्हणते. मुलांच्या दीनी तालीमसाठी तिचे म्हणणे रास्त आहे, आणि मेहुण्यांना आम्ही तसे सांगूनही आलो. पण आता दर गुरुवारी बाई तिला आपल्या गाडीतून बाजाराला नेतात, आणि ती गाडी चालवायलाही शिकते आहे.

परत आल्यावर जिन्यात एक बाई भेटल्या. आमच्याच इमारतीत सहा महिन्यांपूर्वी राहायला आलेल्या. त्यांचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते. त्याच संध्याकाळी घरात पुन्हा शिरा झाला.